जिंकलेल्या टेबलाला चव : आपल्या फॅन मंडळींना एक खुलं पत्र

प्रिय ॲडमिन मंडळी, आणि ग्रुपमधले झाडून सगळे कॉम्रेड (डीपीत लाल चांदणी असलेले आणि नसलेलेसुद्धा),

हे खरं तर ग्रुपवरच टाकणार होते. पण गेल्या आठवड्यात माझी पोस्ट उडवलीत आणि खाली हात जोडलेल्या इमोजीसकट "नो पॉलिटिक्स प्लीज, इथे लोक एन्जॉय करायला येतात" असं लिहिलंत, म्हणून बाहेर लिहितेय. राग आलाय का, तर आलाय थोडा. पण भांडायचं नाहीये. एक गोष्ट दोन वर्षं घशाशी येऊन बसलीय ती बोलायचीय, आणि ती फक्त ॲडमिन लोकांबद्दल नाही, आपल्यातल्या मार्क्स-मार्क्स करणाऱ्या गँगबद्दल पण आहे, ज्यात मी स्वतः येते.

आधी त्या पोस्टचं बोलू. न्यूजीन्स या के-पॉप (कोरियन पॉप) ग्रुपमधली गायिका हानी १५ ऑक्टोबर २०२४ ला कोरियाच्या संसदेच्या कामगार समितीसमोर गेली आणि कामाच्या जागी आपल्याला कशी वागणूक मिळते ते रडत रडत सांगून आली. त्याआधी फॅन लोकांनी कामगार मंत्रालयाकडे छळाची तक्रार केली होती. नोव्हेंबरमध्ये निकाल काय आला, तर कामगार कायद्याच्या व्याख्येत ही मुलगी कामगार बसतच नाही, त्यामुळे तक्रारीचा प्रश्नच मिटला. कारणं अशी, की तिची कामाची वेळ ठरलेली नाही, कंपनीचे स्टाफला लागू असलेले नियम तिला लागू नाहीत, खर्च दोघांत वाटला जातो आणि टॅक्स ती धंद्याच्या उत्पन्नावर भरते. मी एवढंच लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं की मग ती आहे कोण? ते पॉलिटिक्स ठरलं. बरं, त्याच दिवशी ग्रुपवर 'अँडॉर' या स्टार वॉर्सच्या सिरीजमधलं साम्राज्य टप्प्याटप्प्याने फॅसिस्ट कसं होत जातं यावर किमान दोनशे मेसेज पडले होते, ते कोणी उडवले नाहीत, कारण ते लोअर, म्हणजे गोष्टीतल्या जगाचा इतिहास. म्हणजे लांबच्या आकाशगंगेतलं साम्राज्य चालतं, सोलमधलं मंत्रालय चालत नाही, असा नियम दिसतोय. लिहून तरी ठेवा मग पिन करून.

आणि फॅन लोकांत राजकारण आत्ताच्या पोरांनी घुसवलं असं जे दर दोन महिन्यांनी ऐकवलं जातं ना, त्यावर एक जुना किस्सा. ऑक्टोबर १९३७, फिलाडेल्फिया, विज्ञानकथेच्या वेडाने जमलेली वीसेक पोरं. त्यात न्यूयॉर्कच्या जॉन मिशेल नावाच्या पोराने एक भाषण लिहून आणलं होतं, तो अडखळत बोलायचा म्हणून डोनाल्ड वॉल्हाइमने ते वाचून दाखवलं. मुद्दा साधा होता: बाहेर फॅसिझम वाढतोय आणि आपण रॉकेटच्या गप्पा मारत बसलोय, फॅन लोकांनी समाजवादी जगाच्या बाजूने उभं राहायला पाहिजे. मतदान झालं, १२ विरुद्ध ८, ठराव पडला. मग दोन वर्षांनी, २ जुलै १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा या टोळीतल्या सहा जणांना दारातच अडवलं, का तर आत पत्रकं वाटतील. त्यांच्यातलाच एक आयझॅक असिमोव्ह (पुढचा गाजलेला विज्ञानकथा लेखक) मात्र आत गेला, आणि त्याची बोच त्याला नंतर बरीच वर्षं होती. गंमत म्हणजे बाहेर ठेवलेल्यांपैकी वॉल्हाइम पुढे मोठा प्रकाशक झाला, फ्रेडरिक पोल नावाजलेला संपादक झाला, आणि पोल व त्याच टोळीतला कॉर्नब्लूथ या जोडीने जाहिरात कंपन्या अख्खं जग चालवतात अशी कादंबरी लिहिली. तेव्हा ॲडमिन मंडळी, दारावर उभं राहून पत्रकं तपासायची परंपरा तुमची आहे, आणि पत्रकं आत न्यायची आमची, दोन्ही सारख्याच वयाच्या आहेत. नवीन काही नाही.

आपल्याकडे तर याहून सोपं उदाहरण आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा गिरणगावातली माणसं पण एन्जॉय करायलाच यायची की. तमाशा बघायला यायची, हसायची, शिट्ट्या मारायची, आणि गोष्ट असायची काळ्या बाजाराची नाहीतर सावकाराची. कोणी उठून "नो पॉलिटिक्स प्लीज" म्हणलं असेल असं वाटत नाही.

हं, आता आपल्या गँगकडे वळते, कारण सोपं होतं ते बोलून झालं.

आपण करतो काय, प्रामाणिकपणे सांगा. नवीन सिरीज आली की कोण सर्वहारा, कोण लम्पेन, कोण नुसताच लिबरल याच्या चिठ्ठ्या लावतो. एखाद्या पोरीने प्रिन्स लोकांची लव्हस्टोरी आवडली म्हणलं की तिला राजेशाहीची चाकर ठरवतो (हे झालंय, मी नाव घेत नाही, पण ती पोरगी ग्रुप सोडून गेली आणि ती फार भारी फॅनआर्ट काढायची). मार्क्सचा जोडीदार एंगल्स १८८८ मध्ये मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला पत्रात लिहून गेलाय की फ्रान्सच्या समाजाबद्दल मी कादंबरीकार बाल्झाककडून जेवढं शिकलो तेवढं इतिहासकार, अर्थशास्त्री सगळे मिळून नाही शिकवू शकले, आणि बाल्झाक तर पक्का राजेशाहीवाला. म्हणजे खुद्द एंगल्सला चाललं, आपल्याला चालत नाही. आवडती गोष्ट सोवळी असायला पाहिजे हा हट्ट कुठून आला काय माहीत, मार्क्सकडून तर नाही.

मार्क्सचा प्रश्न रटाळ होता हो. काम कोण करतं, किती तास करतं, आणि पैसा कुठे जातो. बस. हा प्रश्न पडद्यावरच्या लोकांना विचारताना आपण इतके हुशार, आणि स्वतःला कधी विचारतच नाही.

अँडॉरचंच घ्या, कारण तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पहिल्या सीझनमधला नार्किनाचा तुरुंग. पांढरी स्वच्छ खोली, अनवाणी कैदी, कारण फरशीत करंट सोडता येतो. टेबलामागे टेबल, एकेका टेबलाभोवती माणसं उभी, सगळे मिळून एक कसलातरी भलामोठा लोखंडी भाग जोडतायत, बारा बारा तास. टेबला-टेबलांत शर्यत. पाळी संपली की जे टेबल सगळ्यात मागे पडलं त्यांना शॉक, आणि जे जिंकलं त्यांच्या जेवणाच्या नळीत चव. चव! पैसे नाहीत, सुट्टी नाही, त्याच लापशीत जरा चव. आणि माणसं त्या चवीसाठी शेजारच्या टेबलाला पाण्यात बघतात. ओरडायला गार्ड लागतच नाही, किनो लॉय आहे ना, तो स्वतः कैदी, पण मुकादम. आजोबांच्या गिरणीत त्याला जॉबर म्हणले असते. आजोबा परळला बदली कामगार होते, सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर घरी. ते सांगायचे की मालकापेक्षा जॉबरचा चेहरा जास्त लक्षात राहतो.

तर हा एपिसोड आपण ग्रुपवर मिळून बघितला. काय एकेक पोस्ट आल्या, परात्मता काय, शिस्तीचं शरीर काय. आणि त्याच रात्री साडेअकराला काय झालं आठवतंय का? आपल्या आवडत्या के-पॉप बँडच्या नवीन गाण्याचं टारगेट. चोवीस तासांत इतके व्ह्यूज, चार टीम पाडलेल्या, टीमला लीडर, लीडरकडे गूगल शीट, दर तासाला स्क्रीनशॉट टाकायचा, म्यूट करून नाही चालणार, व्हीपीएन नाही चालणार, लूपवर नाही चालणार, मधे दुसरे दोन व्हिडिओ बघायचे म्हणजे बॉट समजणार नाही. मी टीम तीनमध्ये. पहाटे चारला माझे तीन स्क्रीनशॉट राहिले म्हणून लीडरने टॅग करून विचारलं, "ताई, तुम्हाला त्यांच्याबद्दल प्रेम नाहीये का?" आणि मी, बत्तीस वर्षांची बाई, सकाळी नऊची लोकल पकडायचीय, मी सॉरी म्हणून परत फोन उघडला. आमची टीम दुसरी आली. पहिल्या टीमला काय मिळालं, तर ग्रुपच्या बॅनरवर दोन दिवस नाव.

चव.

हे फक्त के-पॉपवाल्यांचं आहे असं समजून बाकीच्यांनी हसू नका. आपले हिरोवाले काय करतात? पहिल्या दिवशीचं कलेक्शन किती, शंभर कोटी किती दिवसांत, यावरून शिव्यागाळी. अरे तो निर्मात्याचा गल्ला आहे, तू तिकीट काढलंस म्हणजे तुझा गेलाय त्यात, आणि तू तो मोजून छाती फुगवतोयस. ट्रेलरच्या व्ह्यूजचं तेच. आणि हे भांडण कुठे होतं, तर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमधल्या थेटराच्या लाइनीत. असो, तो विषय काढला तर पत्र संपणार नाही.

यावर डॅलस स्माइथ नावाच्या कॅनडातल्या माणसाने १९७७ मध्येच लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं, डावे लोक टीव्हीवर काय दाखवतात आणि त्याचा विचारांवर काय परिणाम होतो याच्यातच अडकलेत, पण टीव्हीचा धंदा काय विकतो? कार्यक्रम नाही विकत. प्रेक्षक विकतो, जाहिरातवाल्यांना. कार्यक्रम म्हणजे बारमध्ये फुकट मिळणारे चणे-फुटाणे. आपण फुटाण्यांची चिकित्सा करतोय, याचा फुटाणा क्रांतिकारी, त्याचा प्रतिगामी. स्माइथच्या काळात प्रेक्षक निदान सोफ्यावर बसून तरी विकला जायचा, आपण शीट भरून, शिफ्ट लावून विकले जातोय आणि मुकादम पण आपलाच. सगळे डावे स्माइथशी सहमत नाहीत हे मला माहितीये, बघणं म्हणजे खरंच श्रम का यावर त्यांच्यात भरपूर वाद झालेत, आणि मलाही सोफ्यावर पडून बघणं हे काम वाटत नाही. पण पहाटे चारचा स्क्रीनशॉट? ते काम आहे. टारगेट आहे, देखरेख आहे, पिछाडीवर पडलं की अपमान आहे. फक्त पगार नाही.

'स्क्विड गेम'चं, म्हणजे कर्जबाजारी माणसं पैशासाठी जीवघेणे खेळ खेळतात त्या नेटफ्लिक्सच्या कोरियन सिरीजचं, तर मला नेहमी हसू येतं. दिग्दर्शक ह्वांग दाँग-ह्योकने हिरो घेतला तो सांगयाँग मोटर या कोरियन गाड्यांच्या कंपनीतल्या २००९ च्या संपावरून, कामगारांनी ७७ दिवस प्लांट ताब्यात ठेवलेला तो संप. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सची आतली कागदपत्रं बाहेर आली त्यात सिरीजचा खर्च होता सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर आणि कंपनीने स्वतः तिची लावलेली किंमत जवळपास ९० कोटी डॉलर. ह्वांगने सांगितलं की मला करारात ठरलं तेवढेच मिळाले, आणि शूटिंगच्या टेन्शनने आठ-नऊ दात गेले. मग २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनेच गोष्टीतल्यासारखी ४५६ खरी माणसं आणून त्याचाच रिॲलिटी शो केला. यातला वर्गसंघर्ष शोधायला कोणता सीन थांबवून बघायचा सांगा. आपण मात्र सिरीजमधल्या काचेच्या पुलाचा अर्थ लावत बसलो होतो. (पुस्तकी मार्क्सवाले लगेच सांगतील की ती किंमत म्हणजे वरकड मूल्य, म्हणजे मजुरी देऊन मालकाकडे उरलेलं श्रमाचं मोल, नव्हे. मान्य. दात तरी धरा हिशेबात.)

आता माझं स्वतःचं गाऱ्हाणं, जे या पत्राचं खरं कारण आहे.

तुम्हाला आठवत असेल, मागच्या वर्षी एका मोठ्या फॅन इव्हेंटला आपल्या ग्रुपमधून व्हॉलंटिअर गेले होते. इव्हेंटचं नाव घेत नाही. मेसेज ॲडमिनकडूनच आला होता, "पॅशनेट फॅन्स हवेत, बॅकस्टेज अनुभव, सर्टिफिकेट". आम्ही चौदा जण. तीन दिवस, सकाळी आठला रिपोर्टिंग आणि सुटायला रात्रीचे साडेनऊ. टीशर्टचे पाचशे रुपये डिपॉझिट, ते अजून परत यायचेत. जेवायला पुलावचा बंद डबा, दुपारी तीनला, उभ्याने. माझी ड्यूटी फोटोच्या लाइनीवर, म्हणजे दोरी धरून उभं राहायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, लाइनीतल्या प्रत्येकाने त्या फोटोला तिकिटापेक्षा जास्त पैसे भरलेले. दुसऱ्या दिवशी एक सातवी-आठवीतली मुलगी आली, योगा मॅटच्या फोमचं चिलखत घालून, आईने रात्रभर बसून कापलेलं, आणि ऐन वेळी खांद्याचा सांधा सुटला तशी ती रडायला लागली. माझ्या बॅगेत फेविबॉण्ड होतं. दोघी जिन्याखाली बसलो, मी दाबून धरलं, तिची आई ओढणीने वारा घालत होती, दहा मिनिटांत चिकटलं आणि ती मुलगी धावत गेली आणि फोटोत असली काही उभी राहिली! मी खोटं बोलणार नाही, त्या तीन दिवसांत मला सगळ्यात आवडलं ते हे. आणि तेवढ्यात सुपरवायझर येऊन म्हणाला, पोस्ट सोडून कुठे गेला होतात, दुसऱ्यांदा झालं तर सर्टिफिकेट मिळणार नाही.

सर्टिफिकेट मिळालं. आडनाव चुकलेलं.

नंतर कळलं की चौदा नावं दिल्याबद्दल ॲडमिनना चार व्हीआयपी पास मिळाले होते. तुम्ही लपवलं असं मी म्हणत नाही, कदाचित तुम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नसेल. किनोलाही वाटत नव्हतंच की, तो बिचारा आपले उरलेले दिवस मोजत होता आणि टेबलं पुढे रेटत होता.

जपानीत याला शब्द आहे, यारीगाई साकुशु. युकी होंदा नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेने चालवला. कामातून मिळणाऱ्या समाधानाचीच पिळवणूक, असा साधारण अर्थ. ॲनिमेवाल्यांना (जपानी ॲनिमेशन बघणाऱ्यांना) हा माहीत असेलच, कारण ज्या चित्रांवर आपण जीव टाकतो ती काढणारी खालच्या फळीतली पोरं अजून चित्रामागे पैसे घेतात, आपल्या विडी कामगाराला हजारी मिळते तसं. आणि ॲनिमे दिग्दर्शक मियाझाकीचे भक्त जे आपल्यात आहेत (मी पहिली), त्यांनी त्याच्या सिनेमातला निसर्ग, लहान मुली, उडणं यावर खूप लिहिलंय, पण १९६४ मध्ये तो तोएई स्टुडिओच्या युनियनचा सेक्रेटरी होता आणि त्याचा साथीदार दिग्दर्शक ताकाहाता उपाध्यक्ष, यावर आपल्या ग्रुपवर एक ओळ सापडली नाही मला. शोधून बघितलं.

फॅन लोकांनी स्वतःचं काही उभारलंच नाही असंही नाही. २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने पोरीबाळींनी हौसेने लिहिलेल्या फॅनफिक्शनवर (आवडत्या पात्रांच्या, फॅननी रचलेल्या नव्या गोष्टींवर) धंदा मांडायचा घाट घातला तेव्हा या बायकांनी रडगाणं गायलं नाही, आपलं स्वतःचं संग्रहालय बांधायला घेतलं. तेच एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन), फॅनफिक्शनची वेबसाइट. जाहिरात नाही, मालक नाही, वर्गणीवर चालतं, आणि त्यांचा हट्टच होता की सर्व्हर आपल्या मालकीचे पाहिजेत. उत्पादनाची साधनं वगैरे आपण जे बोलतो ते त्यांनी फार न बोलता केलं. २०१९ मध्ये ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेचा मोठा पुरस्कार, मिळाला त्याला. फॅनलिब तर पुढच्याच वर्षी बंद पडली. तिथेही काम बिनपगारीच चालतं, हे खरंय, आणि थकून सोडून जाणारे तिथेही आहेत. पण निदान त्या श्रमावर कोणी तिसरा बंगला बांधत नाही. फरक आहे.

म्हणून मी असं नाही म्हणत की कोणी कोणावर फुकट प्रेम करू नये. फेविबॉण्डचे पैसे मी मागणार नाहीये. रात्र रात्र जागून सबटायटल केलीत, परत करेन. गाणं आवडलं तर पन्नास वेळा ऐकेन, ऐकतेच. पण शीट भरणार नाही, टीम तीनमधून माझं नाव काढा. आणि कॉम्रेड लोकहो, पुढचा एपिसोड बघताना निदान एकदा क्रेडिट शेवटपर्यंत जाऊ द्या, व्हीएफएक्सच्या (कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांच्या) नावांत भारतीय आडनावं किती येतात मोजा. माझी रूममेट अंधेरीत हेच काम करते, तिकडचा दिवस म्हणजे इकडची तिसरी पाळी, आणि तिचं नाव अजून एकाही क्रेडिटमध्ये नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या तिकडच्या व्हीएफएक्सवाल्यांनी एकमताने युनियनला कौल दिला तेव्हा तिनेच मला लिंक पाठवली होती, पहाटे, सोबत काहीही न लिहिता. ती लिंक मी ग्रुपवर टाकली होती. तीन लाइक. त्याच दिवशीच्या मीमला ८४.

ॲडमिन मंडळी, आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठीच. किनो लॉयला आपण सगळे मानतो ते तो मुकादम होता म्हणून नाही. त्याला बरेच दिवस एकच प्रश्न विचारला जातो, एकेका मजल्यावर गार्ड किती, आणि तो ऐकून घेत नाही, शिफ्टचं बघा म्हणतो. आणि ज्या दिवशी त्याला कळतं की सुटलेला माणूस घरी जात नाही, दुसऱ्या मजल्यावर परत कामाला लागतो, त्या दिवशी तो आकडा सांगून टाकतो. आकडा त्याच्याकडेच असतो, मुकादम ना. तसं आमच्या चौदा जणांचे नंबर, तास, कोण किती वाजता सुटलं, कोणाचं डिपॉझिट अडकलं, हे सगळं फक्त तुमच्याकडे आहे. आयोजकांचा नंबर पण.

परवा त्यांचा या वर्षीचा मेसेज आला, मला थेट. पुन्हा पॅशनेट फॅन्स. मी उलट विचारलं की तास किती, दिवसाचे पैसे किती, जेवण किती वाजता, लोकलचं भाडं कोण देणार आणि मागचे पाचशे कधी. तुम्हालाही आला असेल तर याद्या पाठवायच्या आधी हेच विचारा प्लीज, आणि त्या उरलेल्या तेरा जणांना पण सांगा विचारायला.

माझ्या मेसेजला दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.

तुमचीच,
टीम तीनमधली (आता माजी)